संच निर्दोष, तरी टॉवरला आवाज तुटक: लहान विमानातील व्हीएचएफ रेडिओची पुन्हा पुन्हा येणारी तक्रार

प्रशिक्षण विमानाच्या टेक लॉगमध्ये (दोषांच्या नोंदवहीत) ‘टॉवरला प्रसारण तुटक ऐकू येते’ अशी नोंद एकदा झाली, की पुढचा क्रम बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो. रेडिओ संच ट्रेमधून (पॅनेलमधील त्याच्या खोबणीतून) काढला जातो, कार्यशाळेत जातो, तेथे चाचणीच्या टेबलावर सर्व कसोट्यांना उतरतो आणि ‘दोष आढळला नाही’ अशी चिठ्ठी बांधून परत येतो. विमान दोन-चार दिवस बरे चालते आणि मग तीच नोंद, बहुधा त्याच शब्दांत, पुन्हा होते. एका चार आसनी, एक इंजिनाच्या विमानाच्या बाबतीत हा फेरा मी एका पावसाळ्यात तीन वेळा पाहिला आणि तिसऱ्या खेपेस संच काढणारा मीच होतो, हे आधीच कबूल करतो.

या तक्रारीत संच स्वतः दोषी निघाल्याचे प्रसंग माझ्या अनुभवात फार थोडे आहेत. दोष असतो तो हेडसेटच्या जॅकमध्ये, पीटीटी (बोलताना दाबून धरायच्या) बटणाच्या तारेत, ट्रेमागच्या पिनांत, वीजपुरवठ्याच्या एखाद्या सैल टर्मिनलमध्ये आणि सर्वांत अधिक वेळा अँटेनाच्या बुडाशी. संच काढून पुन्हा बसवताना ट्रेमधील पिना आपोआप घासल्या जातात, म्हणून काही दिवस सुधारणा दिसते, आणि नेमकी तीच सुधारणा आपली दिशाभूल करते.

स्क्रू ड्रायव्हर हाती घेण्यापूर्वी टॉवरला काय ऐकू येते ते विचारावे

नागरी विमानांचा आवाजी संपर्क ११८.००० ते १३६.९७५ मेगाहर्ट्झ या व्हीएचएफ पट्ट्यात चालतो आणि तो आजही एएम पद्धतीचा आहे. एएममध्ये पीटीटी दाबताक्षणी कॅरियर, म्हणजे आवाज वाहून नेणारी मूळ लहर, हवेत जातो आणि बोललेला आवाज त्या कॅरियरवर स्वार होतो. म्हणजे वैमानिक एक अक्षरही बोलला नाही तरी बटण दाबल्याची खूण टॉवरच्या कानाला कळते, कारण पाठीमागची खरखर अचानक दबते. निदानाची पहिली आणि सर्वांत उपयोगी फाटाफूट येथेच होते. खरखर पूर्ण दबते पण आवाज मंद किंवा तुटक आहे, असे टॉवर सांगत असेल तर कॅरियर व्यवस्थित पोचतो आहे आणि दोष मायक्रोफोनच्या बाजूला आहे. आवाज स्पष्ट आहे पण तो खरखरीत बुडालेला आहे, असे उत्तर आले तर संचातून निघालेली शक्ती बाहेर पडत नाही, म्हणून केबल आणि अँटेनाकडे वळावे. काहीच ऐकू आले नाही असे उत्तर आले तर वीजपुरवठा, पीटीटीची तार आणि ट्रे येथून सुरुवात करावी.

बोलताना हेडसेटमधून कानात येणाऱ्या आपल्याच आवाजावर, म्हणजे साइडटोनवर, मात्र भिस्त ठेवू नये. काही संचांत हा आवाज प्रत्यक्ष प्रसारित लहरीतून उचललेला असतो, तर काहींत तो मायक्रोफोनकडून थेट कानाकडे वळवलेला असतो. दुसऱ्या प्रकारात अँटेना तुटून पडली तरी वैमानिकाला आपला आवाज छान ऐकू येत राहतो. आपल्या संचात कोणता प्रकार आहे हे त्याच्या पुस्तिकेत एकदा पाहून ठेवावे.

टेक लॉगमधील नोंद ‘रेडिओ खराब’ एवढीच असेल तर ती वैमानिकाकडे परत पाठवावी, असे माझे मत आहे. त्यावरून वाईटपणा आला तरी चालेल. कोणत्या फ्रिक्वेन्सीवर, किती उंचीवर, टॉवरपासून कोणत्या दिशेला, विमानाचे नाक कुठे असताना, सकाळी की दुपारी, दोन्ही आसनांवरून की एकाच, दुसरा संच त्या वेळी कसा चालला, हे सगळे लिहिलेले असेल तर निम्मे काम हँगरमध्ये शिरण्यापूर्वीच होते. वाचनीयता १ ते ५ या आकड्यांत नोंदवण्याची पद्धत आहेच. ‘कधीकधी समजते’ म्हणजे २, ‘प्रयासाने समजते’ म्हणजे ३. हा आकडा प्रत्येक वळणावर विचारून घेण्यास विद्यार्थी वैमानिकांना संकोच वाटतो, पण नियंत्रकाकडे गर्दी नसेल तेव्हा तो आनंदाने सांगतो.

दोन तक्रारी अशा आहेत ज्यांत यंत्राचा दोषच नसतो. पहिली, कॉलसाइनच्या (विमानाच्या हाक-नावाच्या) सुरुवातीचे ‘व्हिक्टर टँगो’ कापले जाते आणि पुढचे सर्व नीट ऐकू येते. येथे वैमानिक बटण दाबताना बोलायला लागतो. दाबल्यावर क्षणभर थांबून बोलले की तक्रार संपते. दुसरी, टॉवरला मध्येच कर्कश शिट्टी ऐकू येते. दोन विमानांनी एकाच वेळी बटण दाबले की त्यांच्या कॅरियरमधील किंचित फरकाची ती शिट्टी असते. एफएममध्ये जोरकस प्रसारण दुबळ्याला गिळून टाकते आणि कोणाला पत्ताही लागत नाही. एएममध्ये निदान दोघे एकदम बोलले हे तरी कळते, आणि या क्षेत्रात एएम टिकून राहण्याचे ते एक चांगले कारण आहे.

उंचीचाही विचार करावा. व्हीएचएफ लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. फुटांतील उंचीच्या वर्गमुळाला १.२३ ने गुणले की सपाट प्रदेशावर किती सागरी मैलांपर्यंत संपर्क अपेक्षित आहे ते साधारण कळते: १००० फुटांवर सुमारे ३९, ३००० फुटांवर सुमारे ६७. ही कमाल मर्यादा आहे आणि मध्ये डोंगर आला की ती लागू होत नाही. पठारावरील धावपट्टीवरून निघालेले विमान सह्याद्रीचा कडा ओलांडून कोकणाच्या बाजूला खाली उतरले आणि पठारावरील टॉवरशी संपर्क तुटला, तर तो स्नॅग (यंत्राचा दोष) म्हणून लिहू नये.

आवाजाची बाजू: जॅक, तार आणि एक हरवलेला वॉशर

सामान्य विमानातील हेडसेटला दोन प्लग असतात. जाडसर प्लग कानाचा आणि किंचित बारीक प्लग मायक्रोफोनचा. मायक्रोफोनच्या प्लगला तीन भाग असतात: टोकावर पीटीटी, मधल्या कड्यावर आवाज आणि मागे भूसंपर्क. हा प्लग शेवटचे दोन मिलिमीटर आत गेला नाही तर हेच तीन भाग चुकीच्या जागी टेकतात, आणि बटण दाबले जाते पण आवाज जात नाही असा नेमका तो दोष उभा राहतो. प्रशिक्षण विमानात दिवसाकाठी अनेकदा प्लग काढले-घातले जातात, त्यामुळे जॅकच्या आतील पातळ पट्टीची स्प्रिंग ढिली होते. प्लग बोटाने हलवत दुसऱ्या माणसाला दुसऱ्या संचावर ऐकायला लावावे. टक्टक् आवाज आला तर जॅक बदलावा. तो साफ करून आणखी एक महिना ढकलण्यात काही अर्थ नाही.

जॅक बदलताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. जॅकची बॉडी विमानाच्या पॅनेलपासून अलग ठेवण्यासाठी दोन्ही बाजूंना विद्युतरोधक वॉशर असतात. त्यांपैकी खांदा असलेला वॉशर खाली पडून आसनाखाली गेला आणि कोणी जॅक तसाच आवळला, तर आवाजाच्या तारेला दोन ठिकाणी भूसंपर्क मिळतो आणि विमानातील इतर उपकरणांचे प्रवाह तिच्यातून वाहू लागतात. त्यातून अल्टरनेटरची गुणगुण कानात येते आणि तीच प्रसारणातही जाते. जॅक केबलपासून सोडवून त्याची बॉडी आणि पॅनेल यांच्यात मल्टिमीटर लावला की एका मिनिटात खात्री होते. आवाजाच्या केबलवरची संरक्षक जाळीदेखील एकाच टोकाला जोडलेली असावी.

सुकाणूच्या दांड्यावरील पीटीटी बटणाची तार ज्या जागी कंट्रोल कॉलममध्ये शिरते तेथे ती प्रत्येक वळणाबरोबर वाकते. आतले तंतू एकेक करून तुटतात, बाहेरचे आवरण मात्र अखंड दिसते. बटण दाबून धरावे, दांडा दोन्ही टोकांपर्यंत फिरवावा, पुढे-मागे करावा आणि प्रसारणाची खूण लुकलुकते का ते पाहावे. वळण घेतानाच प्रसारण तुटते अशी नोंद असेल तर अँटेनाच्या सावलीचा (विमानाचे अंग आड येण्याचा) विचार करण्यापूर्वी ही चाचणी करावी. बटण आत अडकून राहण्याचा उलटा दोष अधिक घातक आहे, कारण मग ती सबंध फ्रिक्वेन्सी सर्वांसाठी बंद पडते. अनेक नवे संच सुमारे अर्ध्या मिनिटाने प्रसारण आपोआप थांबवतात, जुने थांबवत नाहीत.

वीज आणि ट्रे

ऐकताना संच फार थोडा प्रवाह घेतो. प्रसारण सुरू होताच तो अनेक पटींनी वाढतो. त्यामुळे झिजलेला सर्किट ब्रेकर किंवा काळवंडलेले क्रिंप (तारेवर दाबून बसवलेले) टर्मिनल ऐकताना काहीच त्रास देत नाही आणि बटण दाबताच व्होल्टेज खाली ओढते. बसबारवर (वीजवाटपाच्या मुख्य पट्टीवर) मोजलेले व्होल्टेज येथे निरुपयोगी आहे. ट्रेच्या मागच्या प्लगवर, पीटीटी दाबलेली असताना मोजावे आणि त्याच क्षणी बसबारवर किती आहे ते पाहावे. दोहोंतील फरक अर्ध्या व्होल्टहून अधिक निघाला तर मधली प्रत्येक जोडणी उघडून पाहावी. बटण दाबताच पडद्यावरील आकडे मंदावत असतील तर ही चाचणी पहिल्याच दिवशी करावी.

ट्रेबद्दल थोडक्यात सांगतो. संच ट्रेमध्ये सरकवल्यावर पुढच्या बाजूने ॲलन की फिरवून त्याला मागे ओढून घ्यावे लागते. स्क्रू जड लागला म्हणून अर्ध्यावर सोडला, किंवा पॅनेलची चौकट जाड असल्यामुळे संच पूर्ण आत बसलाच नाही, तर पिना टोकाला टोक लावून उभ्या राहतात. संचाच्या चेहऱ्यावर अंगठ्याने दाब दिला की आवाज सुधारतो, हा याचा पुरावा. अनेक वैमानिकांना ही युक्ती ठाऊक असते, ते ती मुकाट्याने वापरतात आणि लॉगमध्ये लिहीत नाहीत.

अँटेना: येथे वेळ घालवावा

ज्या विमानाचा उल्लेख सुरुवातीला केला त्याच्या नोंदी मी अखेर एका कागदावर तारीखवार मांडल्या, तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. सर्व तक्रारी सकाळच्या पहिल्या किंवा दुसऱ्या सॉर्टीच्या (उड्डाणाच्या) होत्या आणि बहुतेक आदल्या रात्री पाऊस पडून गेल्यानंतरच्या होत्या. हँगरमध्ये जागा नसल्याने ते विमान बाहेर ॲप्रनवर उघड्यावर उभे असे. आम्ही संच काढायचो दुपारी, म्हणजे ऊन खाऊन सगळे वाळल्यावर. दुसरी गोष्ट एका विद्यार्थिनीने सहज म्हणून लिहिली होती: ‘११८च्या आसपास स्वतःचा आवाज नीट येतो, पण १२७च्या वर गेले की तो चिरका होतो.’ मायक्रोफोनला फ्रिक्वेन्सी कळत नाही. एका फ्रिक्वेन्सीवर साइडटोन स्वच्छ आणि दुसरीवर फाटलेला असेल, तर अँटेनाकडून परतलेली शक्ती केबलच्या जाळीवरून कॉकपिटमध्ये येऊन आवाजाच्या तारांत घुसत आहे, असेच समजावे.

पत्र्यावर उभी असलेली ही अँटेना पाव तरंगलांबीची असते. १२७ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी सुमारे ५९ सेंटिमीटर होते. पण दिसते ती दांडी म्हणजे अँटेनाचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा म्हणजे तिच्या बुडाखालचा विमानाचा पत्रा. दांडी आणि पत्रा यांच्यातील संपर्क बिघडला की अँटेना अर्धी राहते. कंपोझिट बांधणीच्या विमानात पत्राच नसतो, म्हणून आतून धातूची जाळी किंवा फॉइल मुद्दाम बसवावी लागते, आणि ती नसेल तर बाकी सारे बदलूनही उपयोग होत नाही.

मोजण्यासाठी संच आणि केबल यांच्यामध्ये वॉटमीटर जोडावा आणि पट्ट्याच्या दोन्ही टोकांना व मध्यावर, मोकळी फ्रिक्वेन्सी आधी ऐकून घेऊन, थोडक्यात प्रसारण करावे. १२१.५ या आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर कधीही चाचणी करू नये, इंधन भरणे सुरू असताना करू नये आणि अँटेनाजवळ कोणी उभे नाही याची खात्री करावी. रात्री पाऊस पडल्यानंतर सकाळी सातला आम्ही मोजले, तेव्हा वरच्या टोकाला ८ वॉट बाहेर जात होते आणि २ वॉट परत येत होते. चौथा हिस्सा परत येणे म्हणजे एसडब्ल्यूआर (किती शक्ती परतते ते सांगणारे गुणोत्तर; १ म्हणजे काहीच परतत नाही) ३. अशा स्थितीत अनेक संच स्वतःला वाचवण्यासाठी शक्ती आणखी कमी करतात. वॉटमीटरनंतर अँटेनाच्या जागी ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती शोषून घेणारा रोध) लावला, तेव्हा परतीचा काटा जागचा हलला नाही; संचावरचा संशय तेथेच मिटला.

येथे एक सापळा आहे. केबलच जुनी आणि ओल शिरलेली असेल, तर ती जाताना शक्ती खाते आणि परतीच्या वाटेवरही खाते, त्यामुळे संचाजवळ मोजलेला एसडब्ल्यूआर खोटा चांगला दिसतो. केबलमध्ये ३ डेसिबल (म्हणजे निम्म्या शक्तीचा) क्षय असेल तर दुसरे टोक पूर्ण उघडे ठेवूनही मीटर ३ च दाखवील. म्हणून केबलच्या अँटेनाकडील टोकालाही डमी लोड लावून तेथे किती वॉट पोचतात ते मोजावे. जुन्या विमानांत आरजी-५८ केबल सापडते. ती बदलायची झाल्यास दुहेरी जाळीची आरजी-४०० घालावी आणि बीएनसी कनेक्टर योग्य क्रिंप साच्यानेच दाबावेत, पक्कडीने नव्हे.

आमच्या विमानाची अँटेना उतरवली तेव्हा तिच्या बुडाखाली पांढरी भुकटी होती, चार स्क्रूंपैकी दोघांभोवती ती खडूसारखी जमली होती आणि बीएनसीच्या आत हिरवट डाग होता. मागे कधीतरी कोणी पत्र्याचा रंग न काढता अँटेना बसवली होती आणि पाणी येऊ नये म्हणून बुडाखालीही सीलंट भरला होता. म्हणजे संपर्क फक्त स्क्रूंमधून होता, आणि तोही गंजलेला. पाऊस पडला की ओल, ऊन पडले की सुधारणा.

दुरुस्ती अशी केली. बुडाएवढ्या जागेवरचा रंग आणि गंज काढून चकचकीत धातू उघडा केला, गंजाने पत्रा कितपत खाल्ला ते तपासले, त्यावर वीजवाहक राहणारा रासायनिक लेप दिला, नवी गॅस्केट घातली, नवे स्क्रू ठरलेल्या टॉर्कने आवळले आणि सीलंट फक्त बाहेरच्या कडेने फिरवला. अँटेनाचे बूड आणि पत्रा यांच्यातील रोध ३ मिलिओहमच्या आत यावा लागतो. हे साध्या मल्टिमीटरवर दिसत नाही, कारण त्याच्या स्वतःच्या तारांचाच रोध याच्या कितीतरी पट असतो. त्यासाठी चार तारांचा मिलिओहममीटर लागतो. नंतर त्याच फ्रिक्वेन्सीवर ८ वॉट जाताना ०.२ वॉट परत आले, म्हणजे एसडब्ल्यूआर १.४ च्या आसपास.

इंजिन सुरू असतानाच येणारे आवाज

हा वेगळा आजार आहे, तरी तो याच तक्रारीत मिसळतो. आवाजाची पट्टी आरपीएमबरोबर चढत-उतरत असेल तर जमिनीवर अल्टरनेटरचा स्विच क्षणभर बंद करून पाहावे. गुणगुण थांबली तर अल्टरनेटरचे डायोड, फिल्टर आणि भूसंपर्क तपासावेत. मॅग्नेटोच्या (इंजिनात ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राच्या) तपासणीत डावा-उजवा बदलताना टिकटिक बदलत असेल तर मॅग्नेटोच्या पी-लीडची (स्विचकडे जाणाऱ्या तारेची) जाळी पाहावी. ठेक्यात येणारी टिकटिक स्ट्रोब दिव्याची असते.

नवा संच बसवल्यानंतर जीपीएस मध्येच उपग्रह गमावू लागला तर तोही योगायोग नसतो. १२१.१७५ ची तेरापट १५७५.२७५ होते आणि जीपीएस १५७५.४२ मेगाहर्ट्झवर ऐकतो, १३१.२५० ची बारापटही तेथेच जवळ जाते. या फ्रिक्वेन्सी आसपास वापरात नाहीत हे ऐकून, प्रत्येकीवर अर्धा मिनिट कॅरियर धरून उपग्रहांचे दर्शक पट्टे पाहावेत.

ही सारी कामे परवानाधारक विमान देखभाल अभियंत्याच्या सहीखालीच व्हायला हवीत, आणि संचाचा किंवा अँटेनाचा प्रकार बदलायचा असेल तर त्या विमानासाठी मंजूर तांत्रिक माहिती हाती असल्याशिवाय पत्र्याला भोक पाडू नये. उड्डाणात संपर्क तुटलाच तर वैमानिकाने आवाजाचे बटण, हेडसेटचा प्लग, दुसरा संच आणि सर्किट ब्रेकर एवढे पाहावे, काही साधले नाही तर ट्रान्सपॉन्डरवर (रडारला ओळख देणाऱ्या यंत्रावर) ७६०० हा संपर्क तुटल्याचा संकेत लावून टॉवरच्या दिव्याच्या इशाऱ्यांकडे लक्ष ठेवावे. कॉकपिटमध्ये वाकून ट्रेशी झटापट करू नये.

स्नॅग बंद करण्यापूर्वी आम्ही तीन गोष्टी केल्या. अँटेनाच्या बुडावर पाण्याचा पाइप दहा मिनिटे धरून तीनही फ्रिक्वेन्सींवर पुन्हा मोजले. मग ३००० फुटांवर, टॉवरपासून २० मैल दूर, विमानाने एक पूर्ण गोल घेतला आणि दर ४५ अंशांनी वाचनीयता विचारली. आठपैकी सात ठिकाणी ५ आणि शेपटी टॉवरकडे असताना ४ आली. शेवटी बाहेर गेलेले आणि परत आलेले वॉट, बुडाचा रोध आणि त्या दिवशीचे हवामान लॉगमध्ये आकड्यांत लिहिले, म्हणजे पुढच्या जुलैत कोणी पुन्हा ‘आवाज तुटक’ असे लिहिले तर आम्हाला तुलना करायला काहीतरी हाताशी असेल.